अक्षरं नसलेला दगड कसा वाचायचा?

शेलार गावच्या दोस्तांनो, आपल्या भिवंडी तालुक्यात लोनाडजवळ चौधरपाडा आहे ना, तिथे एक शिलालेख सापडला. शके ११६१, म्हणजे इ.स. १२४० च्या सुमाराचा. त्यावर शिलाहार राजा केशिदेवाचं नाव कोरलंय. अक्षरं लावता आली की राजा कळला, काळ कळला! पण ज्यांनी एकही अक्षर मागे ठेवलं नाही, त्यांचे दगड कसे वाचायचे?

त्यासाठी जाऊ या नागपूरजवळच्या जुनापाणीला. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. मोठमोठे काळे धोंडे गोल मांडलेले आणि आत दगडगोट्यांची भर. ही आहेत अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची स्मारकं. काही धोंड्यांवर मुद्दाम कोरलेले छोट्या वाटीसारखे खळगेही आहेत. ते कशासाठी असतील? विचार करा बरं!

पुरातत्त्वज्ञ अशी वर्तुळं अगदी हळूहळू, थराथराने खणतात. वर दगडगोटे, खाली काळी चिकणमाती आणि त्याखाली माणसाचे अवशेष, मडकी, लोखंडी हत्यारं. कधी कधी घोडासुद्धा! जवळच्याच माहुरझरीला घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा दागिना मिळाला. आता वाचा पाहू: लोखंड आहे, म्हणजे लोहार होते. घोड्याला दागिना आहे, म्हणजे त्याचा मान मोठा होता. विदर्भातल्याच नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

असे दगड जगभर आहेत. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात लोकमारियाकेर गावी सुमारे २० मीटर लांबीची शिळा आहे. साडेसहा हजार वर्षांपूर्वी माणसांनी ती यंत्राशिवाय आणली आणि उभी केली! आज ती चार तुकडे होऊन आडवी पडली आहे. आणि आपल्या गडचिरोलीत, भामरागडकडचे माडिया गोंड लोक आजही गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी दगड उभा करतात. ज्या घराने दगड उभा केला, त्या घराला तो कोणाचा ते ठाऊक असतं. तिथे दगड वाचायला खणावंच लागत नाही, नुसतं विचारायचं!

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मडकं कोणत्या थरात होतं, हत्यार कोणाशेजारी होतं, धोंडा कुठे उभा होता, हीच या दगडांची अक्षरं. धोंडा हलवला की अक्षर पुसलं. घरं, रस्ते आणि खाणींपायी विदर्भातली कितीतरी वर्तुळं अशीच पुसली गेली.

म्हणून शेताच्या बांधावर किंवा देवळामागे जुना उभा दगड, एखादा वीरगळ, म्हणजे वीराच्या आठवणीचा दगड, दिसला, तर त्याला शेंदूर फासू नका, उचलू नका. चित्र काढा, टेपने उंची मोजा, त्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहा आणि गावातल्या आजी-आजोबांना त्याची गोष्ट विचारा. मग ती वही शिक्षकांना दाखवा. पुरातत्त्वज्ञही कामाची सुरुवात अशीच करतात!