कोळशाने वास जातो, विष नाही

ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या अनेक घरांत पाण्याच्या फिल्टरमध्ये 'सक्रिय कोळसा' असतो. बऱ्याचदा तो नारळाच्या करवंटीपासून बनवलेला असतो. त्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा एकूण पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत भरू शकतो. पाण्यातला क्लोरीनचा वास त्यानेच जातो. मग हातभट्टीची दारूही त्यातून गाळली की निर्धोक होईल, असे कोणाला वाटू शकते. हा समज जीवघेणा आहे.

कोळसा प्रामुख्याने मोठे, पाण्यात कमी विरघळणारे रेणू धरून ठेवतो. त्यामुळे दारूचा उग्र दर्प कमी होतो. मिथेनॉलचा रेणू मात्र लहान आणि पाण्यात पूर्ण मिसळणारा. तो कोळशातून जवळजवळ तसाच खाली उतरतो. त्याला रंग नसतो आणि वासही नेहमीच्या मद्यार्कासारखाच. म्हणजे गाळलेली दारू सुरक्षित होत नाही, फक्त अधिक फसवी होते.

शरीरात मिथेनॉलपासून फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते दृष्टीच्या नसेवर घाला घालते. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक बळी घेतले.

लक्षणे अनेकदा 12 ते 24 तासांनी दिसतात. नजर धूसर होणे, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे यांना 'उतरेल थोड्या वेळाने' म्हणून सोडू नये. रुग्णालयात उतारा आणि डायलिसिसने जीव वाचू शकतो. कोळशाची पूड पाजून मात्र मिथेनॉल उतरत नाही.