आजीचा नेब्युलायझर आणि गच्चीवरचं ऊन

बेळगावचा पाऊस ज्यांनी काढलाय, त्यांना सांगायला नको. जुलैत झाड पडतं, तार तुटते आणि एकदा करंट गेला की तासन्‌तास येत नाही. आमच्या आजीला दमा आहे. गेल्या वर्षी अशाच एका रात्री तिला नेब्युलायझर लावता आला नाही. बाबांनी भर पावसात तिला दवाखान्यात नेलं. त्यानंतर मी आणि धाकट्या बहिणीनं हा डबा करायला घेतला.

आधी हिशेब. आमचा नेब्युलायझर साधारण १०० वॅटचा. पंधरा मिनिटांना २५ वॅट-तास, इन्व्हर्टर थोडं खातो म्हणून ३० धरले. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल सिरीजमध्ये जोडले. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तास, म्हणजे २५६ वॅट-तास. रात्रभराला भरपूर. काका म्हणाले, जुनी लेडची बॅटरी घ्या. पण ती पूर्ण रिकामी केली की लवकर मरते, आणि उचलायची कोणी? मग बीएमएस, ५० वॅटचं पॅनेल, लिथियमचं सेटिंग असलेला चार्ज कंट्रोलर. फ्यूज मात्र बॅटरीच्या प्लस टोकालगतच. यात आळस नको, शॉर्ट झाला तर तार लाल होते.

खरी फजिती पुढे झाली. ईएसपी३२ वर मी व्होल्टेजवरून टक्के काढणारा प्रोग्राम लिहिला होता. एका रविवारी मुद्दाम मेन स्विच पाडून तालीम घेतली. पडद्यावर बराच वेळ सत्तर टक्क्यांच्या आसपास आकडा, आणि बघता बघता सगळं बंद. आजी म्हणाली, "तुमचं मशीन खोटं बोलतंय रे."

खोटंच बोलत होतं. या सेलचं व्होल्टेज भरलेल्या आणि रिकाम्या टोकांच्या मध्ये जवळजवळ सपाट असतं. त्यावरून शिल्लक कळत नाही. आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला, हे दर सेकंदाला मोजून जमाखर्च ठेवावा लागतो, पासबुकासारखा. त्यासाठी आणलेला आयएनए२१९ सेन्सर ३.२ अँपिअरपर्यंतच मोजतो, आणि नेब्युलायझर इन्व्हर्टरमार्फत ९-१० अँपिअर ओढतो. तो पॅनेलकडे लावला. बॅटरीकडे ५० अँपिअरचा शंट आणि आयएनए२२६ बसवला. छोट्या चुका साठत जातात, म्हणून व्होल्टेज १४.४ ला पोचून करंट अगदी कमी झाला की प्रोग्राम आकडा पुन्हा १०० करतो. बहिणीनं ३० टक्क्यांना वाजणारा बझर लावला.

पावसाळ्यात पॅनेल फार काही देत नाही, हेही सांगून टाकतो. ढग दाटले की करंट असेल तेव्हा भिंतीवरच्या चार्जरनं डबा भरून ठेवतो.

आता करंट गेला की आजी आधी चष्मा शोधते आणि डब्यावरचा आकडा वाचते. साठच्या खाली असेल तर आमचा राउटर बंद करायला लावते.