निळ्या-पिवळ्या छत्रीखालचं जेवण

मॅनहॅटनमध्ये दुपारी साडेबाराच्या सुमाराला ऑफिसांतली माणसं खाली उतरतात आणि कोपऱ्यावरच्या निळ्या-पिवळ्या छत्रीखाली रांग लागते. विक्रेता स्टीलचं झाकण सरकवतो, वाफेचा लोट वर येतो. चिमट्याने उचललेलं सॉसेज पावात बसतं, त्यावर मोहरीच्या चटणीची एक रेघ आणि आंबवलेल्या कोबीचा किंवा टोमॅटोच्या रसात शिजवलेल्या कांद्याचा चमचाभर थर. कागदात गुंडाळून हातात पडायला मिनिटभरही लागत नाही. गिऱ्हाईक चालता चालता जेवतं आणि पुन्हा कामाला लागतं.

माझी मावशी पुण्याहून न्यू जर्सीला मुलाकडे आली होती. तिला न्यूयॉर्क दाखवताना आम्ही अशाच एका हॉट डॉगच्या गाडीपाशी थांबलो. तिने वाफेकडे बघत एकामागून एक विचारलं, "अरे, हे मांस कशाचं? नाव असं का? आणि ते पाणी कधी बदलतात रे?" तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्यांनाही या तीन प्रश्नांची धड उत्तरं नसतात. बहुतेकांकडे ऐकीव गोष्टी असतात. मला स्वतःलाही बरीच वर्षं चुकीचंच माहीत होतं.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तिथे चूक झाली तर माणसाच्या श्रद्धेलाच धक्का बसतो. नव्याने गेलेल्या अनेक मराठी मंडळींची समजूत असते की हॉट डॉग म्हणजे डुकराचं मांस, किंवा 'चिकनच असेल बहुधा'. न्यूयॉर्कच्या गाडीवर दोन्ही अंदाज सहसा चुकतात. त्या छत्र्यांवर ज्या सॅब्रेट कंपनीचं नाव असतं, तिचं नेहमीचं सॉसेज शंभर टक्के बीफचं असतं. आपल्याकडे बीफ म्हटलं की पुष्कळदा म्हशी-रेड्याचं मांस असतं. अमेरिकेत मात्र बीफ म्हणजे गाई-बैलांचंच मांस. त्यामुळे 'बीफ म्हणजे म्हशीचं' असं मनाशी धरून खाल्लं आणि नंतर खरं कळलं, तर होणारा मनस्ताप टाळता येण्यासारखा आहे.

न्यूयॉर्कमध्ये बीफच का, याचं उत्तर शहराच्या इतिहासात सापडतं. सॉसेज आणलं जर्मन स्थलांतरितांनी, पण इथे त्याला लोकप्रिय करण्यात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचा मोठा वाटा आहे आणि त्यांच्या धर्मात डुकराचं मांस निषिद्ध. हिब्रू नॅशनल ही कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांनुसार, सॉसेज करणारी कंपनी १९०५ साली याच शहरात सुरू झाली. आज शहरभर दिसणाऱ्या हलाल गाड्यांवरही हॉट डॉग मिळतो आणि तोही सहसा बीफचाच असतो. सुपरमार्केटमधल्या पाकिटांची गोष्ट वेगळी. तिथल्या सगळ्यांत स्वस्त पाकिटांत कोंबडी, टर्की आणि डुक्कर यांचं मिश्रण आढळतं, आणि काही चिकन सॉसेजचं बाहेरचं आवरण डुकराच्या आतड्याचं असतं. लेबलवर ते लिहिलेलं असतं, फक्त अक्षर बारीक असतं. गाडीवर लेबल नसतं, तेव्हा सरळ विचारावं. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या शहरात रोज हजारो माणसं हेच विचारतात.

नावाबद्दल एक फार गोड दंतकथा आहे. थंडीच्या दिवशी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर बेसबॉलचा सामना चालला होता. विक्रेते 'गरमागरम डॅक्सहुंड सॉसेज' असं ओरडत होते. लांबुळक्या अंगाच्या त्या जर्मन कुत्र्यावरून पडलेलं ते नाव. व्यंगचित्रकार टॅड डॉर्गनने चित्र काढलं, पण डॅक्सहुंडचं स्पेलिंग जमेना म्हणून खाली नुसतं 'हॉट डॉग' लिहिलं. ही गोष्ट पुस्तकांतून अजून छापली जाते. ते व्यंगचित्र मात्र आजवर कुणालाही सापडलेलं नाही. शब्दांच्या उगमाचा माग काढणाऱ्या बॅरी पॉपिक आणि जेराल्ड कोहेन यांनी जुनी वर्तमानपत्रं आणि विद्यापीठांची नियतकालिकं चाळली, तेव्हा हा शब्द डॉर्गनच्या गोष्टीच्या आधीपासून वापरात असल्याचं दिसलं. येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात तो १८९५ सालीच आला आहे. तिथले विद्यार्थी सॉसेजच्या गाड्यांना 'डॉग वॅगन' म्हणत. त्यामागे स्वस्त सॉसेजमध्ये नक्की कुणाचं मांस असतं, याबद्दलचा एकोणिसाव्या शतकातला जुना संशय होता. म्हणजे मावशीची शंका नवी नव्हती. नावाचा जन्मच त्या शंकेतून झाला आहे. आजच्या हॉट डॉगमध्ये कुत्र्याचं मांस नसतं, हे वेगळं सांगायला नको.

नावांचा हा घोळ आपल्याकडेही पोचला आहे. मुंबईची फ्रँकी ही फ्रँकफर्टर सॉसेजवरून आली, असं मी अनेकांकडून ऐकलंय. प्रत्यक्षात टिब्ज फ्रँकीने ते नाव वेस्ट इंडिजचे क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल यांच्यावरून घेतलं आणि कल्पना आली बैरूतमधल्या गुंडाळलेल्या रोटीवरून. इंदूरला छप्पन दुकान या खाऊगल्लीत जॉनी हॉट डॉग नावाचं दुकान आहे. होळकरांच्या इंदुरात मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे आमच्या नातेवाइकांतही त्याचं कौतुक चालतं. तिथला हॉट डॉग म्हणजे गोल पावात अंडं, मटणाची किंवा बटाट्याची टिक्की. सॉसेजचा पत्ताच नाही. तो छान लागतो. पण इंदूरच्या आठवणीवर न्यूयॉर्कमध्ये 'व्हेज हॉट डॉग' मागितला, तर गाडीवाला गोंधळून तुमच्याकडे बघत राहील.

आता आत काय असतं. 'ओठ, कान, आतडी, जमिनीवर सांडलेलं सगळं' अशी यादी लोक तोंडपाठ म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचे नियम त्याहून पुष्कळ स्पष्ट आहेत. तयार सॉसेजमध्ये चरबी ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि चरबी व मिसळलेलं पाणी मिळून ४० टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. हृदय, जीभ किंवा इतर अवयव घातले तर ते लेबलवर ठळक सांगावं लागतं. यंत्राने हाडांवरून खरवडलेलं बीफ माणसांच्या अन्नात वापरायला २००४ पासून बंदी आहे. त्याचं कारण होतं गाईंना होणारा मेंदूचा रोग.

मग ते इतकं स्वस्त कसं? मोठे तुकडे कापताना जे छोटे तुकडे आणि चरबी निघते, ती फेकून न देता वापरली जाते. ते सारं बर्फ आणि मिठाबरोबर पात्यांच्या यंत्रात इतकं बारीक होतं की त्याचा लगदा बनतो. मिठामुळे मांसातलं प्रथिन सुटतं आणि चरबी व पाणी यांना धरून ठेवतं. आपण कोफ्त्याचं सारण खूप मळतो तेव्हा ते जे चिकटून येतं, त्याच गुणाचा हा कारखान्यातला वापर. त्यात लसूण, धने, पेपरिका पडतं. लगदा सेल्युलोजच्या नळीत भरतात, धुरात शिजवतात, थंड करतात आणि नळी सोलून काढतात. हे सोलता येणारं आवरण शिकागोच्या व्हिस्किंग कंपनीने १९२० च्या दशकात आणलं आणि सॉसेज एकसारखं, भराभर आणि स्वस्तात होऊ लागलं. काही दुकानांत चावताना 'कट्' असा आवाज येतो, तिथे मात्र मेंढीच्या आतड्याचं खरं आवरण असतं. आतड्याची गोष्ट तेवढ्यापुरती खरी, आणि खवय्ये त्यासाठीच तिथे जातात.

स्वस्ताईबद्दलचा संशयही जुनाच आहे. पोलंडहून आलेल्या नेथन हँडवर्करने १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला दुकान टाकलं आणि हॉट डॉग पाच सेंटला विकायला सुरुवात केली. तो पूर्वी ज्यांच्याकडे नोकरीला होता, त्या फेल्टमनच्या उपाहारगृहात हॉट डॉग दहा सेंटला होता. भाव निम्मा म्हटल्यावर सुरुवातीला लोक शंकेने बघायचे. याच दुकानाभोवती आणखी एक दंतकथा आहे. ४ जुलै १९१६ रोजी चार स्थलांतरितांनी आपल्यात सर्वांत अमेरिकन कोण हे ठरवायला हॉट डॉग खाण्याची पैज लावली, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या मॉर्टिमर मॅट्झने २०१० मध्ये ही कथा आपणच रचल्याचं मान्य केलं.

मावशीचा तिसरा प्रश्न पाण्याचा. न्यूयॉर्कवाले स्वतःच त्या सॉसेजला 'डर्टी वॉटर डॉग' म्हणतात, मग बाहेरच्याला काय वाटणार! ते पाणी गढूळ दिसतं ते सॉसेजमधून उतरलेल्या मीठ-मसाल्यामुळे आणि चरबीमुळे. बघण्यासारखी गोष्ट आहे तापमान. गरम ठेवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली येऊ नये, असा शहराच्या आरोग्य खात्याचा नियम आहे. गाडीची तपासणी होते, विक्रेत्याला अन्नसुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि रात्री गाडी परवानाधारक आवारात नेऊन धुवावी लागते. ती घरापुढे ठेवता येत नाही. उपाहारगृहांप्रमाणे गाड्यांवरही आता 'ए', 'बी' अशी श्रेणीची पाटी लावतात. वाफ येत नसेल, पाणी कोमट वाटत असेल, तर पुढच्या कोपऱ्यावर जावं. मी तसंच करतो.

उलट बाजूचा एक गैरसमज जास्त घातक आहे: सॉसेज कारखान्यातच शिजलेलं असतं, म्हणून फ्रीजमधून काढून गार खाल्लं तरी चालतं. शिजल्यावर पॅक होईपर्यंत त्याला लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची बाधा होऊ शकते आणि हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध माणसांनी सॉसेज वाफ येईपर्यंत, म्हणजे सुमारे ७४ अंशांपर्यंत, गरम केल्याशिवाय खाऊ नये. आणि चार वर्षांखालच्या मुलाला गोल चकत्या कधीही देऊ नयेत. त्या नेमक्या श्वासनलिकेच्या आकाराच्या असतात. आधी उभे काप करून मग बारीक तुकडे करावेत. नातवाला कौतुकाने भरवणाऱ्या प्रत्येक आजीपर्यंत हे पोचावं असं मला मनापासून वाटतं.

तब्येतीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात: एक हॉट डॉग म्हणजे एक सिगारेट, किंवा नायट्राइट हे मांस टिकवणारं रसायन टाळून 'नायट्राइट नाही' लिहिलेला घेतला की झालं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं, हे खरं. पण तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो. धोका किती मोठा आहे हे त्यावरून कळत नाही, आणि तंबाखूचा धोका कितीतरी पटींनी जास्त आहे. त्या संस्थेच्या अंदाजानुसार रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. एक सॉसेज साधारण तेवढ्याच वजनाचं असतं. म्हणून महिन्यातून एकदा खाणाऱ्याने घाबरू नये, पण ऑफिसच्या खाली गाडी आहे म्हणून रोज तेच जेवणाऱ्याने विचार करावा. 'नायट्राइट नाही' वाल्या पाकिटांत बहुधा सेलरीची भुकटी असते आणि तिच्यातल्या नायट्रेटपासून तेच नायट्राइट तयार होतं. सोडियमची गोष्ट मला याहून तातडीची वाटते. दिवसाला २,००० मिलीग्रॅमच्या आत राहा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सॉसेज, पाव, मोहरी आणि आंबवलेली कोबी धरून एका हॉट डॉगमध्ये त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त सोडियम पोटात जातं. पोट भरत नाही म्हणून माणूस दोन घेतो. रक्तदाब असलेल्यांनी हा हिशेब जरूर करावा.

शेवटचा गैरसमज विक्रेत्याबद्दलचा: जागेचं भाडं नाही, कर नाही, नुसती रोख कमाई. शहराने १९८३ मध्ये खाद्यगाड्यांच्या परवान्यांवर सुमारे ३,००० ची मर्यादा घातली आणि ती जवळजवळ चार दशकं तशीच राहिली. परवान्याची सरकारी फी दोन वर्षांना २०० डॉलर. परवाने मिळतच नसल्याने ज्यांच्याकडे होते त्यांनी ते आडमार्गाने भाड्याने दिले. त्याचा भाव दोन वर्षांना २५,००० डॉलरपर्यंत गेला. ही रक्कम भरणारा माणूस बांगलादेश, इजिप्त किंवा अफगाणिस्तानातून आलेला असतो. गाडी ठेवायच्या जागेचं आणि ती ओढून आणणाऱ्या वाहनाचं भाडंही तोच देतो. सेंट्रल पार्कची तऱ्हा वेगळी. तिथल्या जागांचा उद्यान खातं लिलाव करतं, आणि प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका जागेसाठी वर्षाला २,८९,५०० डॉलर मोजले गेल्याची नोंद आहे. २०२१ च्या कायद्याने दरवर्षी नवे परवाने द्यायचं ठरलं, पण वाटप फार सावकाश झालं. पर्यटकांच्या ठिकाणी एखादा विक्रेता दुप्पट भाव सांगतो, हे खरं आहे. भाव गाडीवर लिहिलेला असणं बंधनकारक आहे, तो आधी वाचावा आणि मगच मागावं. पण तेवढ्यावरून सगळ्या गाडीवाल्यांना लबाड ठरवणाऱ्याने पहाटे आवारातून गाडी बाहेर काढणारा माणूस कधी पाहिलेला नसतो.

मावशीला मी हे सगळं तिथे उभ्याउभ्या सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणालो, "मावशी, हे गाईचं आहे, तुला चालणार नाही." गाडीवाला बांगलादेशी होता. आमचं बोलणं त्याला बहुधा कळलं. तो हिंदीत म्हणाला, "माँजी, आप के लिए ये," आणि काचेमागे टांगलेला एक प्रेट्झेल काढला. वर जाड मिठाचे खडे होते. मावशीने हात वर करून 'नको' अशी खूण केली, रक्तदाबाची गोळी चालू आहे असं सांगितलं. त्याने तो कागदावर उलटा धरून दोनदा झटकला, बोटाने उरलेले खडे काढले आणि मग तिच्या हातात दिला.