अमेरिकेत वणवा विझवणारे जवान कसे घडतात?

• संघीय नोकरीसाठी किमान वय १८.

• पायाभूत अभ्यासक्रम: एस-१३० (आग विझवण्याचे तंत्र) आणि एस-१९० (वणव्याचे वर्तन).

• दमाची कसोटी: ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो ओझे घेऊन ३ मैल (४.८ किमी) ४५ मिनिटांत. चालतच, धावले की बाद!

• मुख्य काम: पाणी मारण्यापेक्षा जाळरेषा काढणे. पालापाचोळा, झुडपे, मुळे खरवडून माती उघडी करायची. हत्यार ‘पुलास्की’: एकीकडे कुऱ्हाड, दुसरीकडे कुदळीसारखे आडवे पाते.

• रेड कार्ड: पात्रतेचा दाखला. उजळणी आणि कसोटी दरवर्षी.

• अनुभवींसाठी: ‘हॉटशॉट’ (सुमारे २० जणांची तुकडी) आणि ‘स्मोकजंपर’ (पॅराशूटने वणव्याजवळ उतरणारे). स्मोकजंपरची वणव्यावरची पहिली उडी १९४० साली, आयडाहोत.