उरलेला भात, पेटलेली शेगडी

सदाशिव पेठेत दूध पिशवीतून येतं. गाय नाही, म्हणजे शेण नाही. मग गोबरगॅसची गोष्ट इथे कशाला? कारण पेरुगेटापासून टिळक रस्त्यापर्यंत मेस आणि खाणावळींची दाटी आहे, आणि खरकट्यावर चालणारी घरगुती टाकी पुण्यातच घडली आहे.

ती घडवणारे डॉ. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ. महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. गॅस करणारे जिवाणू गायीच्या पोटातलेच, मग त्यांना शेण का घालायचं? त्यातला कस गायीनं आधीच काढून घेतलेला असतो! त्यापेक्षा गायीला जे घालतो तेच त्यांना घाला. २००३ साली त्यांच्या ‘आरती’ संस्थेनं ही टाकी तयार केली. संस्थेचा हिशेब असा: पिठूळ किंवा गोड खाद्य २ किलो घातलं की २४ तासांत साधारण ५०० ग्रॅम मिथेन. तेवढ्याच मिथेनसाठी शेण लागतं ४० किलो आणि दिवस ४०. २००६ साली या कामाला लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

रचना अगदी काटकसरी. गच्चीवर असतात तसल्या पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या कापायच्या, एक दुसरीत उपडी घालायची. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, वापरला की खाली बसते. मीटर नको!

सुरुवातीला मात्र शेण लागतंच, विरजणासारखं.

शिळा भात, पोळ्या, नासकी केळी, किडकं धान्य, सगळं चालतं. लिंबा-संत्र्याच्या साली नकोत, त्यांतलं तेल जिवाणूंना मारक. आंब्याच्या कोयी नुसत्याच पडून राहतात. आणि पंगतीनंतरचं पातेलंभर खरकटं एकदम ओतू नये. आम्ल करणारे जिवाणू चपळ, मिथेन करणारे संथ. आम्ल साचतं, गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि शेगडी पेटेनाशी होते. उपाय म्हणजे काही दिवस लंघन. तो सल्ला द्यायला पेठेत कुणी ना कुणी भेटतंच.

मिथेन करणारे हे जीव खरं तर जिवाणू नव्हेतच. ते ‘आर्किया’ नावाच्या वेगळ्या कुळातले, ऑक्सिजन त्यांना विषासमान. मिथेनला वासही नसतो. नाक मुरडायला लावतो तो हायड्रोजन सल्फाइड. लोखंडाच्या किसातून गॅस सोडला की तो वास बराचसा अडतो.

पुणेकरांना न रुचणारी एक नोंद: १८९७ साली मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून मिळालेल्या गॅसवर दिवे लागले होते.

हजार लिटरची टाकी भरली की वजन टनभर. तेव्हा गच्चीवर चढवण्याआधी स्लॅबबद्दल इंजिनिअरला विचारावं. मग सोसायटीची सभा. ते काम मात्र २४ तासांत होत नाही.