ऑनलाइन खेळातील गायक : साथ देण्याची किंमत

ऑनलाइन भूमिकाधारित खेळांत तलवार चालविणाऱ्या योद्ध्याचे किंवा जखमा भरून काढणाऱ्या वैद्याचे काम तत्काळ दिसते. गाण्यांनी साथीदारांचे बळ वाढविणाऱ्या ‘बार्ड’चे, म्हणजे आपल्या शाहिराच्या जातकुळीतील पात्राचे, श्रेय मात्र इतरांच्या पराक्रमात मिसळून जाते. त्यामुळेच हे पात्र रचणे अवघड ठरते. गाणी फार प्रभावी असली तर त्याच्यावाचून संघाचे पान हलत नाही. दुबळी असली तर त्याला कोणी विचारत नाही.

मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये बार्डला एका वेळी एकच गाणे म्हणता येत असे. ते सुरू होण्यास साधारण ३ सेकंद लागत. खेळाचे घड्याळ ६ सेकंदांच्या ठोक्यांवर चाले आणि गाणे थांबविल्यावरही त्याचा परिणाम थोडा वेळ रेंगाळे. खेळाडूंनी नेमकी ही फट हेरली. एक गाणे तोडून दुसरे, मग तिसरे, आणि पहिल्याचा प्रभाव ओसरण्यापूर्वी पुन्हा पहिले, अशी गुंफण करून ते तीन-चार गाणी एकत्र जिवंत ठेवू लागले. तालाचे भान मागणारे हे कसब अस्सल होते. पण तासन्‌तास कळा दाबून मनगटे दुखत. पुढे गाण्यांचा क्रम आपोआप चालविणारी ‘मेलडी’ ही आज्ञा आली. हातांना विसावा मिळाला. कसबाचा मोठा भाग मात्र संगणकाकडे गेला.

जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने ‘फायनल फँटसी १४’च्या २०१३ मधील नव्या अवतारात वेगळीच किंमत लावली. जादूगारांची शक्ती भरून काढणारे गाणे सुरू असेपर्यंत बार्डची स्वतःची शक्ती झिजे आणि त्याचा मारा २० टक्क्यांनी घटे. मदत करणाऱ्यालाच दंड, असा हा विचित्र न्याय होता. २०१७ च्या ‘स्टॉर्मब्लड’ आवृत्तीत गाण्यांची फेररचना झाली. गाणे चालू असताना संघाला लाभ मिळू लागला आणि गायकाच्या बाणांनाही नवे डाव सुचू लागले. २०२१ च्या ‘एंडवॉकर’मध्ये एका समारोपगीताची भर पडली. त्याआधी एकाच प्रकारचे गाणे म्हटले असेल तर संघाचा मारा २ टक्क्यांनी वाढतो, दोन प्रकारची म्हटल्यास ४ आणि तिन्ही म्हटल्यास ६ टक्क्यांनी.