रेषांचा जमाना

सप्टेंबर 2023 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेलं एचएच 211 चं चित्र आलं आणि व्हॉट्सॲपवर दोन दिवस नुसता धुमाकूळ. ययाती तारकासमूहातला, हजारेक प्रकाशवर्षांवरचा हा बालतारा दोन्ही बाजूंना वायूचे फवारे सोडतो. चित्र देखणंच आहे. पण 'हे पहिल्यांदाच कळलं' असं जो तो सांगू लागला, तेव्हा डोकं फिरलं.

याच फवाऱ्यात 2008 साली स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीला वर्णपटात हायड्रॉक्सिलच्या रेषा सापडल्या होत्या. वायूच्या धडकेतून निघणारे अतिनील किरण पाण्याचे रेणू फोडत होते आणि सुटलेले तुकडे भन्नाट वेगाने गरगरत होते. मी त्यावर लेख दिला, तर एका संपादकांनी विचारलं, ''आलेख कसले पाठवता? चित्र नाही का?'' लेख साभार परत.

अवरक्त दुर्बिणींमध्ये 1983 ची आयरास, 1995 ची आयएसओ यांची थोरवी मान्य, पण अशा रेषांना बहर आला तो स्पिट्झर आणि हर्शेलच्या, म्हणजे 2003 ते 2013 या काळात. मे 2009 मध्ये साडेतीन मीटर आरशाची हर्शेल दुर्बीण अवकाशात गेली. ऑगस्टमध्येच तिचं हायफाय हे वर्णपट घेणारं उपकरण बंद पडलं, ते जानेवारीत पुन्हा चालू झालं. लायडनच्या एविन फान डिशुक यांच्या चमूने सुमारे 80 ठिकाणी पाण्याच्या रेषा शोधल्या. बालताऱ्याभोवतीच्या शांत ढगातून बारीक रेषा येईल अशी अटकळ होती. आली ती चांगली ऐसपैस, सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या वायूची. पाणी चमकत होतं ते मुख्यतः धडकांमध्ये. मृगातल्या बालताऱ्यांच्या कार्बन मोनॉक्साइडवर खगोलशास्त्रज्ञ पी. मनोज यांनी याच दुर्बिणीतून काम केलं. पुढे ते मुंबईच्या टीआयएफआरमध्ये रमले. त्यांच्या त्या कामाचा निष्कर्षही धडकांकडेच बोट दाखवणारा. याची मराठीत कुणी चार ओळींचीही दखल घेतली नाही.

29 एप्रिल 2013 ला हर्शेलची उपकरणं थंड ठेवणारा हेलियम संपला आणि तिचं काम थांबलं. तिची जागा घेऊ शकणारी नियोजित स्पिका दुर्बीण 2020 मध्ये रद्द झाली, विमानातली सोफिया 2022 मध्ये बंद केली. वेबची नजर 28 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास थांबते, हर्शेलची 55 ला सुरू व्हायची. बालतारा दरवर्षी किती वायू बाहेर फेकतो याचा हिशोब ज्या रेषेवरून मांडतात, ती ऑक्सिजनची 63 मायक्रॉनची रेषा आज अवकाशातल्या एकाही दुर्बिणीला दिसत नाही. नव्या पोरांना हर्शेलच्या जुन्या साठ्यावरच भागवावं लागतंय.